चौकातल्या शिरीषाचा अर्ज

प्रौढांचा साक्षरता वर्ग जुन्या टपाल कचेरीच्या माडीवर भरत असे. तेथील बाक लहान मुलांच्या मापाचे होते. त्यामुळे गुडघे कोठे ठेवावेत, हा प्रत्येकाचा पहिला धडा असे. या ओळी लिहिणारी स्त्री त्या वेळी सदुसष्ट वर्षांची होती आणि तिची मजल जेमतेम जोडाक्षरांपर्यंत गेली होती. एका सायंकाळी तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर एक गृहस्थ येऊन बसले. वय सत्तावन्न, तळहातांना दोराचे घट्टे, सदऱ्याच्या खिशात लाकडाचा भुसा. त्यांनी पाटी मांडीवर घेतली, खिडकीतून खाली चौकात एकवार पाहिले आणि विचारले, "मावशी, अर्ज लिहिता येईपर्यंत किती दिवस लागतात?"

"मला दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "अजून अर्ज आलेला नाही."

"तेवढा वेळ नाही हो," ते म्हणाले.

अशी ओळख झाली. पुढची हकिकत थोडी त्यांच्याकडून, थोडी त्यांच्या पत्नीकडून आणि सर्वांत जास्त त्यांच्या लेकीकडून कळली. आता ते निवृत्त झाले आहेत, त्यांचे मुकादमही निवृत्त झाले आहेत, आणि लेकीने हे लिहिण्यास संमती दिली आहे. म्हणून ते येथे जसे घडले तसे मांडले आहे.

त्यांना सगळे फांदीवाले म्हणत. उद्यान खात्यात एकतीस वर्षे त्यांनी एकच काम केले : विजेच्या तारांना भिडणाऱ्या फांद्या उतरवणे. 'तोडणे' हा शब्द ते तोंडात येऊ देत नसत. झाडावर चढण्यापूर्वी ते सगळा दोर हातभर हातभर करून बोटांखालून काढत, मग खोडावर तळहात टेकवून हळूच विचारत, "येऊ का?" उत्तर मिळाल्याशिवाय ते पाय वर टाकत नसत, आणि उत्तर कसे मिळते हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. मुकादम त्यांना चिडवत, "फांदीवाले, झाड नाही म्हणालं तर तुमचा खाडा मांडू का?"

"मांडा," ते म्हणत. एकतीस वर्षांत दोनदा तो खरोखरच मांडला गेला होता.

देवाविषयी त्यांचे मत सरळ होते. तो कोठे आहे असे विचारू नये. कोठे नाही तेवढी जागा दाखवावी. गटाराच्या कडेचे शेवाळ, पाण्याच्या पिंपाखाली दडलेला बेडूक, भिंतीच्या भेगेतून निघालेले दोन पानांचे रोप, त्या भेगेतला ओलावा, हे सारे एकाच अंगाचे अवयव होत, असे ते मानत. आणि मानत म्हणजे तसे वागत. भिंतीतले रोप उपटण्याची वेळ आली तरी ते आधी त्याच्याशी दोन शब्द बोलून घेत. त्यांची पत्नी म्हणे, "यांना उंबऱ्याच्या लाकडात देव दिसतो, पण शेगडीवरचं दूध उतू चाललेलं दिसत नाही."

"दुधातही तोच आहे."

"मग पुसायलाही त्यालाच बोलवा," असे म्हणून ती फडके त्यांच्याच हाती देई.

टपाल कचेरी आणि औषधांचे दुकान यांच्या मधोमध चौकात एक शिरीष उभा होता. तीन माणसांनी हात धरले तरच कवेत यावा, असा त्याचा बुंधा. दिवस कलला की तो आपली पाने मिटून घेई आणि ज्यांच्याजवळ घड्याळ नव्हते ते त्यावरून दुकानाची आवराआवर करीत. त्याच्या सालीत मुंग्यांचे तीन वेगवेगळे रस्ते होते, वरच्या बेचक्यात पिंगळ्यांचे एक जोडपे होते आणि उत्तरेच्या अंगाला मखमलीसारखे शेवाळ. फांदीवाल्यांनी आपल्या लेकीला चालता येऊ लागले तेव्हापासून हे सारे बोट धरून दाखवले होते. त्या झाडाशी त्यांचा आणखी एक संबंध होता. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या शेंड्याजवळ त्यांचा दोर तुटला, आणि खालच्या एका आडव्या फांदीने त्यांना अलगद धरले. दोन बरगड्यांवर निभावले. "त्यानं मला झेललं," ते सांगत. "त्याला काय गरज होती? मी त्याच्या अंगावर करवतच घेऊन गेलो होतो ना."

त्याच फांदीच्या सावलीत, बुंध्याभोवतीच्या दगडी कट्ट्याला लागून, त्यांची लेक नऊ वर्षे पायाचे शिलाई मशीन मांडून बसत असे. विजारींच्या दुमडी, दप्तरांचे बंद, बिघडलेल्या चेनी. तिचा हात इतका चालता होता की गिऱ्हाईक औषधाच्या दुकानातून परत येईपर्यंत काम तयार असे.

थंडी सरता सरता एका सकाळी फांदीवाले नेहमीच्या तपासणीसाठी आले. तपासणीची त्यांची एक रीत होती. कुऱ्हाड उलटी धरायची, तिच्या पाठीने बुंध्यावर खालून वर ठोके द्यायचे आणि कान लावून ऐकायचे. निरोगी लाकूड आखूड बोलते. त्या सकाळी घोट्याच्या उंचीवर शिरीष लांब बोलला. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. त्यांनी पुन्हा ठोका दिला. मग कुऱ्हाड खाली ठेवून बोटाच्या पेराने वाजवून पाहिले, जणू कुऱ्हाड खोटे बोलत असावी. शेवटी ते गुडघ्यांवर बसले आणि मुळांच्या सांध्यात त्यांना ती दिसली : माणसाच्या कानाएवढी, ओलसर, मातकट रंगाची अळंबी. एकीखाली एक, तीन.

नियम स्पष्ट होता. पोकळ झाडाखाली माणसांची वर्दळ असेल तर त्याच दिवशी लेखी कळवायचे; मग झाडावर चुन्याचे दोन पट्टे मारले जात आणि आठवड्याच्या आत ते पाडले जाई. आजवर ते तोंडी सांगत, मुकादम लिहीत, आणि ते खाली अंगठा उठवत. शंभराहून अधिक झाडे अशी गेली होती. त्या दिवशी मुकादमांनी विचारले, "चौकातलं काय म्हणतंय?"

"ठीक आहे," फांदीवाले म्हणाले.

त्यांना झाड वाचवायचे नव्हते, हे वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. पोकळ झाड वाचत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. परंतु हे मरण दुसऱ्याच्या हाताने लिहिले जावे हे त्यांच्या मनाला पटेना. पुढे त्यांनी पत्नीला सांगितले, "अंगठा सगळ्यांचा सारखाच दिसतो. ज्यानं आपल्याला झेललं, त्याला आपलं नाव कळायला नको?" म्हणून त्यांनी ठरवले की हा अर्ज आपण स्वतः अक्षरे शिकून, स्वतःच्या हाताने लिहायचा. तोवर थांबायचे. इतकी वर्षे उभे राहिलेले झाड एवढे दिवस तग धरील, असा त्यांनी हिशेब केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात नाव घातले.

आता लेकीला तेथून हलवणे भाग होते, आणि कारण सांगणे शक्य नव्हते. कारण सांगितले असते तर ते तासाभरात औषधाच्या दुकानात पोचले असते आणि संध्याकाळपर्यंत मुकादमांकडे.

"जरा पलीकडे मांड ना मशीन," ते म्हणाले. "इथं पाखरांची घाण पडते."

"नऊ वर्षं पडतेय, बाबा."

"पलीकडे उजेड बरा आहे."

"पलीकडे ऊन आहे. त्याला उजेड म्हणत नाहीत." तिने दोरा दाताने तोडला. "तुम्हीच ना शिकवलंत, ह्याच्यात देव आहे म्हणून? मग देवाच्या मांडीवरून उठून मी उन्हात कशाला जाऊ?"

आपलेच शब्द आपल्या घशात घातले गेले की माणसाला पाणीही मागता येत नाही.

वर्गात ते जीव तोडून शिकत. मराठीच्या बाईंनी सवयीप्रमाणे 'घर', 'नळ', 'मगर' येथून सुरुवात केली. फांदीवाल्यांना मगरीचे काही कारण नव्हते. तरी त्यांनी ती पाटीभर गिरवली. बाकावर बसण्याआधी ते खिडकीशी जात. खाली शिरीष पाने मिटत असे आणि त्यांची लेक मशीनवर आच्छादन घालत असे. ती घराच्या दिशेने चालू लागली की मगच ते पाटी हाती घेत. बाकावरच्या शेजारणीला, म्हणजे या ओळी लिहिणारीला, वाटे, काय हा लेकीचा लळा!

दर सोमवारी पहाटे, चौक जागा होण्यापूर्वी, ते कुऱ्हाडीची पाठ घेऊन येत. काना-मात्रा शिकून झाले तेव्हा पोकळ आवाज त्यांच्या गुडघ्याला लागला होता. वेलांटी आणि उकार झाले तेव्हा मांडीपर्यंत आला. मुळांतली अळंबी दोन दिवसांत पुन्हा वाढे. ती मुकादमांच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते खुरप्याने खरवडून कागदात बांधून नेत. प्रथम तीन निघत, मग सात. पुढे त्यांनी मोजणे सोडले. झाडाचा वास बदलला होता. पावसात भिजून बंद खोलीत राहिलेल्या कपड्यांना येतो तसा तो वास होता, आणि चौकात तो त्यांच्याखेरीज कोणालाच येत नव्हता. मुंग्यांच्या तीन रस्त्यांपैकी दोन बंद पडले. पिंगळ्यांची जोडी एके दिवशी दिसली नाही, ती पुन्हा दिसलीच नाही.

एकदा मुकादमांनी त्यांना खुरप्यासह गाठले.

"एवढ्या सकाळी काय चाललंय? झाडाची दाढी करताय?"

"कचरा साचलेला, तो काढतोय."

"बायको घरात झाडू मारायला सांगत असेल तेव्हा कुठं असता?" असे म्हणून मुकादम हसत हसत पुढे गेले. फांदीवालेही हसले. मग हातातल्या कागदाच्या पुडीकडे पाहिल्यावर त्यांचे हसू मावळले. त्यांच्या मनात त्या सकाळी जो विचार शिरला तो पुढे निघाला नाही. जो उभा आहे तो देव, हे खरे. मग जो त्याला आतून खातो आहे तो कोण? ही अळंबीही त्याच अंगाची. तिला खरवडताना आपण "येऊ का?" असे एकदाही विचारले नाही. आणि जर खाणारा व खाल्ला जाणारा एकच असेल, तर त्या एकाला खाली बसलेल्या लेकीची वेगळी काळजी असण्याचे काय कारण? जन्मभर त्यांना ज्या विचाराने धीर दिला होता, तोच आता थंड हातासारखा मानेवर येऊन बसला. त्यांना झोप लागेनाशी झाली. पत्नीने विचारले, "अहो, झालंय तरी काय?" ते म्हणाले, "अभ्यास." ती म्हणाली, "साठीला टेकल्यावर अभ्यासानं झोप उडालेला पहिलाच माणूस बघते आहे."

लेकीजवळ ते रोज नवे कारण घेऊन जात. कट्ट्याचा दगड हलतो आहे. मुंग्या चावतील. ती एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, सरळ सांगा, माझ्या जागेवर कोणी दुसरा डोळा ठेवून आहे का?" त्यांना तेव्हा सांगता आले असते. त्यांनी तोंड उघडलेही होते. तेवढ्यात दप्तर घेऊन एक बाई आल्या, लेकीने पाय पट्टीवर ठेवला, मशीन सुरू झाले आणि ते परत फिरले.

जोडाक्षरे संपत आली. पोकळ आवाज छातीपर्यंत पोचला होता. त्याच्या वर ठोके देण्याचे त्यांनी टाळले. एका सोमवारी सायंकाळी बाईंनी सांगितले की आज प्रत्येकाने सरावासाठी एक अर्ज लिहावा. कोणी नळाला पाणी येत नाही असे लिहिले, कोणी दिवा बंद असल्याचे. फांदीवाल्यांनी पाऊण तास खपून चार ओळी लिहिल्या. चौकातील शिरीषाचा वृक्ष आतून पोकळ झाला आहे. त्याखाली माणसे बसतात. तो त्वरित पाडावा. मी स्वतः तपासला आहे. खाली त्यांचे पूर्ण नाव होते, आणि ते शेजारणीने त्या दिवशी प्रथमच वाचले.

बाईंनी कागद पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "काका, हे खरं आहे की सराव?"

फांदीवाल्यांनी खिडकीतून खाली पाहिले. "सराव," ते म्हणाले.

"मग सरावाला जरा चांगला विषय घ्यावा. झाडं लावावीत, असा." त्यांनी 'वृक्ष' आणि 'त्वरित' या शब्दांभोवती लाल गोल काढले. "खाडाखोड असलेला अर्ज कचेरीत घेत नाहीत. उद्या स्वच्छ लिहून आणा."

त्यांच्या खिशात तो कागद होता. मजकूर बरोबर होता, नाव बरोबर होते. त्याच पावली मुकादमांच्या घरी जाता आले असते; ते दहा मिनिटांवर होते. परंतु लाल गोल असलेला कागद त्या झाडाच्या नावाने द्यावा, हे त्यांच्या जिवावर आले. एवढे तीन महिने थांबलो, एक दिवसाने काय होते, असे त्यांनी स्वतःशी म्हटले. नवा कोरा कागद विकत घेऊन ते घरी गेले.

मंगळवारी वारा नव्हता. दुपारी चौकात पानही हलत नव्हते, असे सर्वांनी नंतर सांगितले, आणि ते सांगताना प्रत्येकाचा आवाज खाली येई. औषधाच्या दुकानदाराने आधी एक आवाज ऐकला. त्याला वाटले, कोणीतरी जाड कापड फाडते आहे. मग ती आडवी फांदी, जिने एकोणीस वर्षांपूर्वी बापाला धरले होते, खांद्यातून निसटून सरळ खाली आली. मशीनचा लोखंडी सांगाडा मध्ये आला म्हणून लेकीचा जीव वाचला. तोच सांगाडा तिच्या उजव्या पावलावर बसला.

फांदीवाले तेव्हा खात्याच्या आवारात दोर वाळत घालत होते. निरोप आला. ते धावले नाहीत. हातातला दोर तसाच घेऊन ते चालत चौकात आले. लेकीला तोवर रुग्णालयात नेले होते. मुकादमांनी त्यांना चौकातच थांबवून घेतले, कारण उरलेले झाड ताबडतोब पाडण्यासाठी कागद हवा होता. फाटलेल्या बुंध्यात हात घालून मुकादमांनी मूठभर भुसा बाहेर काढला. तो ओला होता आणि बोटांत लोण्यासारखा चेपत होता. ते बराच वेळ त्याकडे पाहत राहिले, मग फांदीवाल्यांकडे.

"आज तपासलं असं लिहितो," मुकादम हळू आवाजात म्हणाले.

"नका. तीन महिने लिहा."

"वर्षावर निवृत्ती आली आहे तुमची. पोरीच्या औषधपाण्याला काय द्याल? झाडाची पानं?"

मुकादमांनी लिहिले आणि कागद पुढे केला. फांदीवाल्यांना आता वाचता येत होते. त्यांनी 'आज' हा शब्द वाचला. त्यांच्या हातात लेखणी देण्यात आली, ती त्यांना धरता आली नाही. त्यांनी अंगठा टेकवला.

झाड पाडायला दोन दिवस लागले. त्यात त्यांनी भाग घेतला नाही आणि त्यांना कोणी बोलावलेही नाही. ते रुग्णालयात लेकीच्या खाटेजवळ लोखंडी स्टुलावर बसून होते. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"किती दिवस?"

"तीन महिने."

तिने छताकडे पाहिले. "तीन महिने तुम्ही मला पाखरांची घाण सांगत होतात."

त्यांनी खाटेचा लोखंडी दांडा धरला.

"आणि त्याला? त्याला सांगितलं होतं?"

"कोणाला?"

"झाडाला."

"रोज," ते म्हणाले. "रोज सांगत होतो, अर्ज लिहायला शिकतोय म्हणून."

"मला नाही सांगितलं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. पुढे दोन महिने ती त्यांच्याशी बोलली नाही. नंतर बोलू लागली, परंतु कामापुरते. तिचे पाऊल वाचले. त्यातली बोटे वाचली नाहीत. मशीनची पट्टी ती आता डाव्या पायाने चालवते आणि काम पूर्वीइतक्या वेगाने होत नाही.

फांदीवाले वर्गात परत आले. खिडकीपाशी ते गेले नाहीत. तेथून आता नुसते आकाश दिसत असे आणि दुपारच्या उन्हाने माडी सायंकाळीही तापलेली असे. देवाबद्दल त्यांना एकदा शेजारणीने विचारले. "तो सगळीकडे आहे, त्यात फरक नाही," ते म्हणाले. "तो माझ्या ओळखीचा आहे, असं मी धरून चाललो होतो."

लेकीने नवे मशीन घेतले आणि जागा शोधली. उन्हात बसणे शक्य नव्हते, आणि भिंतीची सावली ऐन दुपारी भिंतीतच शिरते. शेवटी तिने शेजारणीच्या घरासमोर, गिरणीच्या फाटकाजवळ उभ्या असलेल्या एका जुन्या झाडाखाली मशीन मांडले. फांदीवाले तेथे गेले. बुंध्याशी उभे राहिले. कुऱ्हाड त्यांनी नेली नव्हती. साल चांगली होती, पालवी दाट होती, वर खारींची लगबग चालली होती. त्यांचा तळहात आपोआप खोडाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. झाड त्यांना आवडले होते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी हात मागे ओढला.

त्या सायंकाळी वर्ग सुटल्यावर ते जिन्याशी थांबले, शेजारणीला पुढे जाऊ दिले नाही आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही रोज तिथून जाता. येता-जाता मुळांपाशी बघत जा. कानासारखं काही उगवलेलं दिसलं, तर मला सांगू नका. सरळ मुकादमांना सांगा."